तायडे सिस्टरची अँबेसिडर

तायडे सिस्टर माणसं चेहऱ्यानं ओळखायची नाही. माणूस जन्मला कसा, यावरून ओळखायची. रिसोडच्या बाजारात सोयाबीनचा एखादा धिप्पाड व्यापारी काट्यापाशी हमालांवर ओरडत उभा असला, की ती माझ्या कानाशी लागून म्हणायची, "हा पायाळू. मायले लय त्रास देल्ला यानं." बँकेच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या साहेबाकडं बघून म्हणायची, "याचा आवाजच निघाला नोता. दोन धपाटे देल्ले तवा रडला. आता पाहा कसा बोलून राह्यला." व्यापाऱ्याला किंवा साहेबाला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्या जन्माच्या वेळी तिथं कोण होतं, याकडं कुणाचं लक्ष असतं?

शिरपूर जैनच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि मी तिथंच औषधांच्या खिडकीत बसायचो. नंतर माझी बदली रिसोडला झाली आणि निवृत्त झाल्यावर तीही रिसोडलाच आली. माझ्या शेजारचं दोन खोल्यांचं घर तिनं घेतलं. घर बेताचंच होतं, पण पुढं अंगण मोठं होतं आणि अंगणात कडुनिंब होता. त्या सावलीत तिची गाडी मावत होती.

गाडी म्हणजे पांढरी अँबेसिडर. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाची जुनी गाडी. बाळंतिणींना आणायला, लसीचे डबे पोचवायला ती वर्षानुवर्षं फिरली आणि शेवटी कार्यालयाच्या मागं, बोरीच्या झुडपात उभी राहिली. लिलाव झाला तेव्हा मी हजर होतो. बोली लावायला वाशीमचा एक भंगारवाला आला होता आणि सिस्टर. भंगारवाला हसून म्हणाला, "बाई, तुमी काय करता हिचं?"

"तू तोडाले नेतं. मी बसाले नेतो," सिस्टर म्हणाली.

बसायला तरी कुठं जायचं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तिनं लग्न केलं नव्हतं. आईबाप केव्हाच गेले होते. भाऊही गेला होता, त्याचा मुलगा प्रमोद अमरावतीला नोकरीला होता. दिवाळीला यायचा, दुपारी जेवायचा, संध्याकाळी जायचा. आमच्या वऱ्हाडात बाई एकटी राहते म्हटलं की लोक चार गोष्टी बोलतात. तिच्याबद्दल तेवढंही कुणी बोललं नाही. एकदा माझ्या बायकोनं धीर करून विचारलं, "सिस्टर, तुमी लग्न काहून नाही केलं?" ती म्हणाली, "कोनी पाह्याले आलं का मी दुसऱ्याच्या घरी असो. कोनाची तरी वेळ भरलेली असे." आणि लगेच भाजीला काय केलं ते विचारू लागली.

तिच्या सवयी दवाखान्यातून तिच्यासोबत आल्या होत्या. हात धुवायची तर कोपरापर्यंत. नखं दर सोमवारी कापायची. जेवायची उभ्यानं, ओट्याला टेकून, कारण बसून जेवण्याची सवय लागलीच नव्हती. कुणी काही सांगायला लागलं की, "मंग? पुढं?" असं विचारत राहायची, जणू समोरच्याला कळा येतायत. कुणाचं काही अडलं, कुणी गडबडलं, तर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाबरून काय होते? घाबरलं तरी येनारं लेकरू येतेच."

संध्याकाळी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "राऊत भाऊ, जेवले का?" मी हो म्हटलं की पलीकडं शांत. मला बरेच दिवस वाटायचं की ती माझी चौकशी करते. पुढं लक्षात आलं, दिवसभरात कुणाशी तरी एक वाक्य बोलायचं असायचं तिला, आणि ते तिनं संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं असायचं.

गाडी शिकवली तिला चांदभाईनं. चांदभाई म्हणजे रिसोडचा जुना मिस्त्री. एके काळी तालुक्यातली प्रत्येक जीप त्याच्या हाताखालून गेलेली. सिस्टरचं वय बघून त्यानं आधी नाही म्हटलं, मग शिकवलं. ती शिकली तीही तिच्या पद्धतीनं. गाडी हळू चालवायची, पण कुणालाही बाजू द्यायची नाही. मागून ट्रक कितीही वाजवो.

रविवारी ती गावांना निघायची. ज्या घरांत तिनं बाळंतपणं केली, तिथं न सांगता जायची, दहा मिनिटं बसायची, निघायची. एकदा मीही गेलो होतो, किन्हीराजाला. तिथं एका घरी तिनं मोठ्या अडचणीत एक बाळंतपण केलं होतं. रात्रभरच्या पावसानं रस्ता बंद, आजूबाजूला कुणी नाही, आणि लेकरू आडवं. ते लेकरू आता बायकोपोरांचं धनी झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो वावरात होता आणि त्याची माय लेकीकडं गेली होती. सूनबाई घरी एकटी. पांढरी गाडी आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई बघून ती लगबगीनं आत गेली आणि सगळ्यांची आधार कार्डं घेऊन आली.

"घरकुलाचा सर्वे हाये ना, बाई?"

सिस्टरनं नाही म्हटलं नाही. कार्डं हातात घेतली आणि चष्मा लावून त्यातलं एक बराच वेळ बघत राहिली. "ही तारीख चुकली," ती म्हणाली. "एक जून कुठून आली? हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले झाला. सकाळी. बैलाच्या झुली वाळत टाकल्या होत्या बाहीर."

"शाळेत लिवली असन मास्तरनं," सून म्हणाली. "मंग, बदलून देता का तुमी?"

"नाही. राहू दे. कागदावर हाये तेच खरं."

सूनबाईनं चहा टाकते म्हटलं, पण आम्ही थांबलो नाही. परतीच्या रस्त्यात सिस्टर एवढंच म्हणाली, "सून चांगली हाये. पोट खपाटीले गेलेलं दिसते, काही खात नाही वाटते."

गेल्या उन्हाळ्यात गाडीला आवाज सुरू झाला. गिअर टाकून क्लच सोडला की पोटाखालून 'खट्' व्हायचं, आणि जरा वेग घेतला की सगळी गाडी थरथरायची. बसस्टँडमागच्या दोन-तीन गॅरेजांत तिनं दाखवली. पोरांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, शाफ्टचे क्रॉस गेले. एकजण म्हणाला, "आजी, हे आता कोन बसवतं? इकून टाका." सिस्टर गाडी घेऊन तशीच चांदभाईकडं गेली.

चांदभाईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात वर व्हायचा, पण त्यात हातोडी राहायची नाही. गॅरेजच्या जागेवर मुलानं बॅटरीवरच्या स्कूटरांचं दुकान टाकलं होतं आणि चांदभाई त्या दुकानापुढं खुर्चीवर बसून असायचा. गिऱ्हाईक त्याला वळसा घालून आत जायचं. सिस्टरनं गाडीच्या खिडकीतून विचारलं, "चांदभाई, क्रॉस बसवता का?"

त्यानं उजवा हात दाखवला.

"हात माहे हायेत," सिस्टर म्हणाली. "तुमी सांगा फक्त."

दुसऱ्या दिवशी तो ऑटोत बसून आमच्या गल्लीत आला. कडुनिंबाखाली खुर्ची टाकली, त्यावर बसला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "राऊतसाहेब, जॅक लावा."

हे क्रॉस काय असतं ते मला तेव्हा कळलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब नळी जाते, तो शाफ्ट. रस्त्यानं चाकं खालीवर होतात, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता येईल असा सांधा लागतो. त्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो, तो क्रॉस. त्याच्या चारही टोकांवर एकेक छोटी वाटी, आणि वाटीच्या आत, कडेनं, ग्रीसमध्ये उभ्या केलेल्या बारीक बारीक पोलादी सुया. त्या सुयांवर क्रॉस फिरतो. सिस्टर म्हणाली, "आतापर्यंत सुया टोचल्या, आता उभ्या करतो."

पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा भाग जॅकनं उचलून सागाच्या ओंडक्यांवर ठेवला. पाठीखाली पोतं टाकून सिस्टर गाडीखाली गेली. तिचं वय, तिचे गुडघे, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, मी जातो खाली." ती खालून म्हणाली, "तुमी पाना द्या." सोडण्याआधी शाफ्टवर आणि मागच्या जोडावर कानशीनं एक रेघ मारायला चांदभाईनं सांगितलं. "जसं निंगालं तसंच बसलं पायजे. नाही तं गाडी नाचन." चार बोल्ट निघाले, शाफ्ट मागं ओढला, गिअरबॉक्सच्या तोंडातून तेल गळायला लागलं. तिनं तिथं कापडाचा बोळा लावला, तोही इतक्या सवयीनं की चांदभाई हसला.

जुन्या वाट्या काढायलाच दुपार झाली. त्यांना अडकवून ठेवणारी तारेची कडी काढायची, मग शाफ्टच्या ज्या दोन कानांत क्रॉस बसतो, त्या कानांवर ठोकायचं. चांदभाई खुर्चीतून सांगत होता, "वाटीवर नाही, बाई, कानावर. कान खाली गेला का वाटी आपोआप वर येते." पहिली वाटी निघाली तेव्हा आतून सुया नाही, विटकरी भुकटी गळली. सिस्टरनं ती तळहातावर घेऊन वास घेतला.

नवे क्रॉस मी अकोल्याहून आणले होते. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी शिकंजा आणला, त्यात दाबून वाट्या बसवायच्या. तीन वाट्या बसल्या. चौथी अर्धी गेली आणि थांबली. कडी तिच्या खाचेत बसेना. केसाएवढी जागा कमी पडत होती. मी म्हटलं, एक ठोका द्या. चांदभाई थांबा म्हणेपर्यंत सिस्टरनं ठोका दिला आणि वाटी तडकली.

तिनं वाटी काढून उलटी केली. एक सुई आडवी पडून तळाशी गेली होती.

"हाताले समजलं होतं मले," ती म्हणाली. "आत काहीतरी आडवं हाये, समजलं होतं. तरी मारला."

"माह्या हातून किती फुटल्या, बाई," चांदभाई म्हणाला. "मोजल्या नाही म्हणून बरं."

नवा क्रॉस यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात काम काहीच नव्हतं, तरी चांदभाई रोज ऑटोनं यायचा. सिस्टर त्याला चहा द्यायची, स्वतःसाठी दुसरा कप आणायची आणि पायरीवर बसायची. हो, बसायची. गाडी ओंडक्यांवर उभी, शाफ्ट पोत्यात गुंडाळलेला, आणि ही दोघं निंबाखाली. बोलणं फार नसायचं. चांदभाई मध्येच एखाद्या जुन्या जीपची गोष्ट सांगायचा, आणि सिस्टरचं "मंग? पुढं?" मला भिंतीपलीकडं ऐकू यायचं. त्या आठवड्यात संध्याकाळी "राऊत भाऊ, जेवले का" असं तिनं एकदाही विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं. मी बायकोला म्हटलंसुद्धा, सिस्टर आता सुधरली.

दुसऱ्या वेळी तिनं घाई केली नाही. प्रत्येक वाटी शिकंजात धरण्याआधी करंगळी आत घालून गोल फिरवायची, डोळे मिटून, आणि म्हणायची, "उभ्या हायेत." मग दाबायची. चौथ्या वाटीची कडी खाचेत बसली तेव्हा 'टिक' असा अगदी बारीक आवाज आला. चांदभाईनं डाव्या हातानं शाफ्टचं टोक हलवून बघितलं. सांधा सगळीकडं फिरत होता, कुठं अडत नव्हता, कुठं ढिला नव्हता. "झालं," तो म्हणाला. दुसऱ्या टोकाचा क्रॉसही त्याच दिवशी बसला. रेघेला रेघ जुळवून सिस्टरनंच बोल्ट आवळले. बाहेर आली तेव्हा तिच्या पांढऱ्या लुगड्याला काळे डाग पडले होते. कोपरापर्यंत हात धुताना ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तपासायला आम्ही शिरपूरच्या रस्त्याला लागलो, ती आणि मी. गिअर टाकला, क्लच सोडला, आवाज नाही. वेग घेतला, थरथर नाही. शिरपूरला देवळाकडं जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या पुढं, जुन्या दवाखान्यासमोर तिनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. आतून एक नवी नर्स बाहेर आली, पायरीवर फोनवर बोलत उभी राहिली, आमच्याकडं बघून आत गेली.

मी म्हटलं, "सिस्टर, आता दहा वर्षं पाह्याचं काम नाही."

"गाडी देल्ली मी, भाऊ," ती म्हणाली.

मला कळलं नाही. कुणाला दिली, मी विचारलं.

"मालेगावच्या रोडवर नवं हॉटेल झालं. त्याईले दारापुढं जुनी गाडी उभी करायची हाये. लोकं फोटो काढतात म्हणे. प्रमोदनं जमवलं. मी त्याच्याकडं चालली अमरावतीले."

"मंग हे क्रॉस कायले बसवले?"

"ते लोकं टोचन करून नेनार होते," ती म्हणाली. "दोर बांधून. मी म्हटलं, नाही. गाडी चालत जाईन."

मग समोरच्या काचेकडं बघत तिनं सांगितलं. फाल्गुनात ती न्हाणीत पडली होती. सकाळची वेळ. मी ड्यूटीवर, माझी बायको माहेरी. पाय मुरगळला होता, उठता येत नव्हतं. तिनं दोनदा हाक मारली, मग मारली नाही. "आपला आवाज आपल्यालेच आयकू आला का कसंतरी वाटते," ती म्हणाली. दुपार कलल्यावर बादलीला धरून, भिंतीला धरून ती कशीबशी उठली. कुणाला सांगितलं नाही. "तवा वाटलं, भाऊ. गाडी दारात उभी हाये, अन् मले न्हानीतून दारापर्यंत जाता येत नाही."

"मले सांगाचं तं होतं, सिस्टर."

"सांगून काय, तुमी रोज इचारलं असतं, पडल्या का म्हणून." ती थोडं हसली. मग गाडी वळवली.

चांदभाईला तिनं स्वतःच सांगितलं. मी तिथंच होतो. तो स्कूटरांच्या दुकानापुढं खुर्चीवर बसला होता आणि सिस्टर त्याच्यापुढं उभी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत राहिला. मग म्हणाला, "हॉटेलवाल्याले सांगा, महिन्याले एकदा तरी चालवत जा म्हणा. उभी राह्यली का ग्रीस आटते."

"सांगतो," सिस्टर म्हणाली. सांगूनही तो ऐकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी प्रमोद परस्पर हॉटेलवरच येणार होता, तिथून तिला पुढं नेणार होता. हॉटेलचा एक माणूस सकाळी आला. गाडी चालवायला म्हणून चावीसाठी त्यानं हात पुढं केला, तर सिस्टरनं त्याला मागं बसायला सांगितलं. तिचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि दोन पिशव्या. ते डिकीत मावलं. माझ्या बायकोनं भाकरी बांधून दिली. सिस्टरनं तिच्या नाडीवर बोटं ठेवली, सवयीनं, आणि म्हणाली, "लोहाच्या गोळ्या घेत जाय." मी सोबत येतो म्हटलं. हॉटेलपर्यंत येतो, तिथून एसटीनं परत येईन.

"तुमी कायले?" ती म्हणाली. "मी चालवतो न."

गाडी हळू अंगणाबाहेर पडली. तिच्या पोटाखालून कसलाच आवाज नव्हता. मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. तिथून मोठा रस्ता दिसतो आणि पुढं मालेगावचं वळण. सकाळची वेळ, जीपा भरून चालल्या होत्या, सोयाबीनच्या पोत्यांचा एक ट्रॅक्टर तिच्या मागं वाजवत होता. तिनं बाजू दिली नाही. वळणाशी गाडीचा वेग कमी झाला आणि खिडकीतून तिचा हात बाहेर आला, कोपरापासून सरळ, बोटं जुळलेली. त्या गाडीचा इंडिकेटर केव्हाचाच बंद होता. उजवीकडं वळायचा हात होता तो. गाडी वळली, ट्रॅक्टर वळला, धूळ उठली. धुळीतून मला तो हात अजून बाहेरच दिसत होता. वळण मागं पडलं होतं आणि पुढचा रस्ता सरळ होता, तरी तिनं तो आत घेतला नव्हता.